दारावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा: पिकअपला कॅम्पर जुळवताना

२०२४ मध्ये आम्ही पिकअप ट्रक आणि त्याच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायचं छोटं घर, अशी जोडी जुळवली. जानेवारीत सुरू झालेलं काम सप्टेंबरात संपलं. या काळात सगळ्यात जास्त दमवलं ते वजनाच्या हिशोबानं. जो भेटेल तो वेगळा आकडा सांगायचा, आणि प्रत्येकाला आपलाच आकडा खरा वाटायचा. आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो, त्यामुळे कागदपत्रांचा भाग इथला आहे. वजनाचा भाग मात्र अमेरिकेत कुठेही राहणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ट्रेलर मागे ओढायचा असतो, कॅम्पर मात्र अख्खा ट्रकच्या अंगावर बसतो. त्यामुळे ‘हा ट्रक १२ हजार पौंड ओढतो’ या वाक्याचा इथे काडीचाही उपयोग नाही. ओढण्याची क्षमता वेगळी, वाहण्याची वेगळी. इथे आपलं काम फक्त दुसरीशी, म्हणजे पेलोडशी.

जानेवारीत आमच्याकडे हाफ-टन पिकअप होता (हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन ही पिकअपच्या चढत्या वर्गांची नुसती नावं, खरी वजनं नव्हेत): चार दारांचा, फोर बाय फोर, आखूड हौद्याचा. ‘हाफ-टनला चालेल’ असं माहितीपत्रकात लिहिलेला एक छोटा कॅम्पर नवऱ्याला आवडला होता. रिकामं वजन १,०५० पौंड. ट्रकच्या जाहिरातीत क्षमता दोन हजार पौंडांच्या वर दिलेली, म्हणजे वरवर पाहता प्रश्नच नव्हता. मग ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर वाचलं. माणसं आणि सामान मिळून वजन १,४४० पौंडांपेक्षा कधीही जास्त नसावं, असं त्यावर लिहिलं होतं. आम्ही दोघं आणि लेक मिळून ४३० पौंड. उरले १,०१०. म्हणजे कॅम्पर पूर्ण रिकामा असतानाच ४० पौंड जास्त, आणि अजून त्यात पाण्याचा थेंबही नाही.

जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. दारावरचा आकडा तुमच्या स्वतःच्या गाडीचा असतो, कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशी, भरलेल्या टाकीसकट. नंतर कुणी पायऱ्या, हौद्यावरचं झाकण, जड बंपर लावला असेल तर तेवढं वजन त्यातून आणखी वजा करायचं. आणि माणसं त्यात मोजायचीच. ‘माणसं धरून’ हे अनेक विक्रेतेही विसरतात.

हाफ-टन बाद झाल्यावर दोन वाटा होत्या: कापडी भिंतींचा हलका पॉप-अप किंवा मोठा ट्रक. लेकीला दम्याचा त्रास आहे, थंडीत कापडी भिंती नको होत्या. म्हणून मोठा ट्रक. पण आधी कॅम्परचं खरं वजन किती होईल ते ठरवायचं आणि मग ट्रक शोधायचा, हा क्रम आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही. ट्रक आधी घेऊन मग त्याला बसेल असा कॅम्पर शोधणारे बरेच लोक भेटले. त्यांची शोधाशोध आमच्यापेक्षा कठीण चालली होती.

फेब्रुवारीभर मी तक्ता करत बसले. आठ फुटी हौद्याचा, पक्क्या भिंतींचा, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा भाग) नसलेला कॅम्पर नजरेसमोर ठेवला. माहितीपत्रकातलं रिकामं वजन २,३१० पौंड. त्यात एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छप्पर) आणि सोलर पॅनेलचे मिळून २०० धरले. दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या १२०. प्रोपेनचे दोन सिलिंडर, प्रत्येकी २० पौंड गॅस आणि साधारण १७ पौंड लोखंड, म्हणजे ७४. मग पाणी. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. तीस गॅलनची टाकी भरली की २५० पौंड, आणि पाणी तापवण्याच्या सहा गॅलनच्या टाकीचे वेगळे ५०. ही दुसरी टाकी हिशोबात सहसा कुणी धरत नाही. कपडे, अंथरुणं, भांडी, खुर्च्या, हत्यारं, शिधा यांचे ४००. ट्रकला कॅम्पर बांधायच्या सामानाचे १००. आम्ही तिघं ४३०. बेरीज ३,९३४. आकडा पाहून दोघंही गप्प झालो. माहितीपत्रकातल्या वजनावर सोळाशे पौंड चढले होते.

मार्च महिना विक्रेत्यांच्या आवारांत गेला. किंमत विचारण्याआधी दार उघडून चौकटीवरच्या दोन्ही लेबलांचा फोटो काढायचा, एवढंच काम. एक ते पिवळ्या पट्ट्याचं. दुसऱ्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची (चाकांच्या आसाची) वेगवेगळी मर्यादा. एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, बाहेरून सारखे दिसणारे दोन थ्री-क्वार्टर-टन ट्रक शेजारी उभे होते. एकाचा पेलोड ३,१०० च्या पुढे, दुसऱ्याचा जेमतेम २,१००. दुसरा डिझेल होता, काचेच्या छताचा, चामडी सीटांचा. डिझेल इंजिन काही शे पौंड जास्त जड असतं. दोघांचा जीव्हीडब्ल्यूआर एकच १०,०००, मग गाडी जितकी जड तितकी वाहायला जागा कमी. जास्त पैसे मोजून कमी वाहणारा ट्रक मिळतो, हे मला त्या दिवशी समजलं. विक्रेता म्हणाला, “थ्री-क्वार्टर-टन आहे, काहीही टाका.” माणूस चांगला होता, पण लेबलवरचं त्यानं वाचलेलं नव्हतं.

आमच्या ३,९३४ ला थ्री-क्वार्टर-टन पुरत नव्हता, म्हणून वन-टन बघायला लागलो. मागे चार चाकं असलेला ड्युअली निवांत झाला असता, पण आमच्या ड्राइव्हवेत आणि रोजच्या पार्किंगमध्ये तो बसला नसता. म्हणून मागे दोनच चाकांचा, पेट्रोल इंजिनाचा, लांब हौद्याचा. एक अगदी मनासारखा मिळाला होता. पण आधीच्या मालकानं दिसायला छान म्हणून बाजारातले मोठे रिम आणि वेगळे टायर लावलेले. रिमचीही वजनाची मर्यादा असते, बहुतेक वेळा ती आतल्या बाजूला कोरलेली असते. त्या रिमवर कुठेच काही सापडलं नाही, म्हणून तो सोडला. जीव तुटला, पण सोडला.

एप्रिलच्या सुरुवातीला २०१९ चा वन-टन मिळाला, ३८,५०० डॉलरला. मूळ रिम, मूळ मापाचे लोड रेंज ई, म्हणजे जड ओझं पेलणारे टायर. जीव्हीडब्ल्यूआर ११,२००, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ७,०००. मात्र दारावर पिवळ्या पट्ट्याचं स्टिकरच नव्हतं. मी आधी घाबरले, कुणी काढून टाकलं की काय. तसं नव्हतं. ते स्टिकर १०,००० पौंडांपर्यंत जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या गाड्यांनाच सक्तीचं आहे. त्यावरच्या गाडीवर ते असेलच असं नाही. अशा वेळी एकच उपाय: टाकी पूर्ण भरून गाडी काट्यावर न्यायची आणि वजाबाकी करायची. विकत घेण्याआधी आम्हाला वजन करायचंय म्हटल्यावर विक्रेत्यानं चावी दिली. न देणाऱ्याकडून मी ट्रक घेतला नसता.

आमच्याच राज्यातल्या नॉर्थ बेंडच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचा वजनकाटा आहे. पहिल्यांदा जाताना पोटात गोळा येतो. चहूबाजूंनी अठरा चाकी ट्रक आणि मधे आपण. पण काम सोपं आहे. काट्याला वेगवेगळे पट्टे असतात. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन वेगळं मिळतं. बोलायचं बटण मोठ्या ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असतं, पिकअपमधून हात पोचत नाही, उतरावं लागतं. त्यापेक्षा त्यांचं अ‍ॅप आधीच फोनवर घ्या, पैसेही त्यातूनच जातात आणि पावती तिथेच दिसते. १५ डॉलरच्या आसपास खर्च, चोवीस तासांत परत वजन केलं तर बरंच कमी. संध्याकाळी रांग लागते, सकाळी जा.

आम्ही दोघं बसलेले, टाकी भरलेली: पुढे ४,१८०, मागे ३,०००, एकूण ७,१८०. आमचे ३०० वजा केले की ट्रक ६,८८०. जीव्हीडब्ल्यूआरपर्यंत ४,३२० पौंडांची जागा. पण खरी अडचण दुसऱ्या ओळीत दिसते. मागच्या अ‍ॅक्सलवर ४,००० च शिल्लक होते, आणि कॅम्परचं जवळपास सगळं ओझं तिथेच येणार. बरेच जण फक्त एकूण वजन बघून थांबतात. दोन्ही मर्यादा सांभाळाव्या लागतात, आणि कॅम्परच्या बाबतीत आधी भरते ती बहुधा मागचीच.

टायरही तेव्हाच तपासले. कडेवर १२५/१२२ लिहिलेलं. १२५ म्हणजे हवेचा दाब ८० पीएसआय असताना एका टायरला सुमारे ३,६४० पौंड. दोन मागचे मिळून ७,२८०, अ‍ॅक्सलच्या ७,००० पेक्षा जास्त. इथे जीव भांड्यात पडला.

कॅम्पर बांधायला चेसिसला (ट्रकच्या सांगाड्याला) बसणारे टाय-डाऊन, म्हणजे अडकवायचे हात, आणि ते ताणून धरणारे स्प्रिंगचे ताणखिळे मागवले, बसवण्याच्या मजुरीसकट पंधराशे डॉलरच्या आसपास गेले. माल यायला महिना लागला. हौद्याच्या पत्र्याला किंवा बंपरला अडकवायचे स्वस्त प्रकारही मिळतात. पण वळणावर तीन हजार पौंडांना धरून ठेवायचं असेल तर ते ओझं चेसिसवरच जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. हौद्यात जाड रबराची चटई घातली, कॅम्पर सरकू नये म्हणून.

मे महिन्यात २०१४ चा कॅम्पर सापडला, एका वयस्कर जोडप्याचा. १४,००० डॉलर. इथे लेबलाबद्दल थोडं सांगायला हवं. ट्रक-कॅम्परसाठी अमेरिकेत फेडरल नियम आहे, शीर्षक ४९ मधला ५७५.१०३. त्याप्रमाणे कॅम्परवर वजनाचं लेबल असतं आणि त्या वजनात मूळ उपकरणं, ठरावीक पाणी आणि गॅस धरलेला असतो. म्हणजे माहितीपत्रकातल्या रिकाम्या वजनापेक्षा हा आकडा जास्त प्रामाणिक. आमच्या कॅम्परवर २,६१० होतं. पण जादा बसवलेल्या वस्तू त्यात नसतात, आणि एसी, ऑनिंग, सोलर हे सगळं त्या जोडप्यानं नंतर बसवलेलं. याच नियमामुळे ट्रकच्या कागदांतही कॅम्परसाठी किती वजन चालेल आणि गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत असावा याची आकृती असते. ग्लोव्ह बॉक्समधले कागद नीट बघा. जुन्या गाडीचे हरवले असतील तर कंपनीकडे त्या वर्षाच्या कॅम्पर-लोडिंगच्या माहितीची चौकशी करा.

मी विनंती केली की पैसे देण्याआधी कॅम्पर ट्रकवर चढवून काट्यावर नेऊ द्या. आजोबा म्हणाले, “मीही हेच केलं असतं.” चढवायला त्यांनीच शिकवलं. टेलगेट, म्हणजे हौद्याचं मागचं दार, काढायचं, कॅम्पर चार जॅकवर उचलायचा आणि ट्रक हळूहळू मागे घेत त्याच्याखाली आणायचा. दोन्ही बाजूंना इंचांचीच जागा. नवरा गाडी चालवत होता, मी आणि आजोबा एकेक कोपरा धरून ओरडत होतो. अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी फारसा श्वास घेतला नसावा.

काट्यावर, टाक्या रिकाम्या, आम्ही दोघं आत: पुढे ४,२६०, मागे ५,८८०, एकूण १०,१४०. टाय-डाऊननं वाढलेलं वजन टेलगेट काढल्यानं जवळपास फिटलं होतं, त्यामुळे सरळ वजाबाकी केली. कॅम्पर २,९६०. माझ्या तक्त्यात बॅटऱ्या, सिलिंडर, एसी धरून २,७०४ होते. अडीचशे पौंड कुठून आले? काही जादा कपाटांतून, काही जाड गादीतून, काही कुठून ते आजोबांनाही सांगता आलं नाही. दहा वर्षं वापरलेल्या घरात असं वजन साठतंच.

त्याच पावतीवरून आणखी एक गोष्ट कळते. २,९६० पौंडांपैकी पुढच्या अ‍ॅक्सलवर ८० च गेले. आमच्या ट्रकच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १७६ इंच. ८० भागिले २,९६०, गुणिले १७६: पावणेपाच इंच. म्हणजे कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास पाच इंच पुढे. तो अ‍ॅक्सलच्या मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल पडतं. कॅम्परच्या दोन्ही बाजूंना गुरुत्वमध्याची खूण चिकटवलेली होती, तीही तिथेच कुठेतरी येत होती. हे गणित जुळल्यावर मला जी शांती मिळाली ती कुठल्याही विक्रेत्याच्या आश्वासनातून मिळाली नव्हती. पुढे जाऊन किंमत ठरवताना आम्ही घासाघीस केली नाही.

मग कागद अडले. वॉशिंग्टनमध्ये कॅम्परला स्वतःचं टायटल (मालकीचा कागद) आणि स्वतःची नोंदणी असते, ट्रकच्या नोंदणीत तो येत नाही. आजोबांच्या टायटलवर जुन्या कर्जाच्या बँकेचं नाव तसंच होतं. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बँकेचा बोजा काढल्याचं पत्र नव्हतं. ते यायला तीन आठवडे गेले. फोनवर दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी नव्याने सगळी कहाणी. म्हणून टायटल हातात घेऊन मागची-पुढची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्ही ते पत्र येईपर्यंत व्यवहार थांबवला आणि आजोबांनी कॅम्पर राखून ठेवला. पत्र आल्यावर सह्या केलेलं टायटल आणि किमतीची पावती घेऊन काउंटीच्या वाहन परवाना कचेरीत गेलो. खरेदीनंतर पंधरा दिवसांत नाव बदलावं लागतं, नाहीतर दंड सुरू होतो. नोंदणीची फी किरकोळ, मोठा आकडा यूज टॅक्सचा, म्हणजे खरेदीदारानं राज्याला भरायच्या कराचा, तो खरेदीच्या किमतीवर लागतो. त्याची तजवीज आधीच ठेवा. विमाही ट्रकच्या पॉलिसीत आपोआप आला नाही, वेगळा घ्यावा लागला.

जुलैअखेर प्रवासाला जायचं तसं सगळं भरलं. पाणी तुडुंब, फ्रिज भरलेला, तिघं आत, आणि परत नॉर्थ बेंडच्या काट्यावर. पुढे ४,३८०, मागे ६,६४०, एकूण ११,०२०. दोन्ही मर्यादांच्या आत, पण जीव्हीडब्ल्यूआरला १८० च पौंड कमी. कायद्यानं, लेबलानं ठीक. मला मात्र झोप लागली नसती. परतीच्या वाटेवर कॅम्परच्या मैल्याच्या टाक्याही भरलेल्या असतात आणि लेक नदीकाठचे दगड गोळा करते.

अनेकांनी सुचवलं, एअरबॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लाव, मागच्या स्प्रिंग वाढव. त्यानं गाडीची मागची बाजू बसत नाही, डोलणं कमी होतं, हे खरं आहे. आम्हीही पुढेमागे मागचा स्वे बार (डोलणं रोखणारा दांडा) जाड करून घेणार आहोत. पण दारावरचा आकडा त्यानं एका पौंडानंही वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, रिम, चेसिस तेच राहतात. वजन कमी करणं हाच मार्ग होता.

दोन लेड-अ‍ॅसिडच्या जागी दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या, सुमारे ७० पौंड गेले. घरून निघताना तीस गॅलनऐवजी दहाच गॅलन पाणी, बाकी कॅम्पग्राउंडवर भरायचं, त्यात १६० हून जास्त. ओतीव लोखंडाचे तवे, दुसरा चुलीचा संच, जाड गालिचा उतरवला. बिडाचा तवा उतरवताना नवऱ्यानं बरीच वकिली केली. भाकरी आता हलक्या तव्यावर होतात आणि बऱ्या होतात.

सप्टेंबरात शेवटची पावती: पुढे ४,३६०, मागे ६,३६०, एकूण १०,७२०. तिथूनच स्नोक्वाल्मी खिंड ओलांडून एलेन्सबर्गच्या दिशेनं गेलो. खिंड ३,०२२ फुटांवर आहे, चढ ट्रकनं सहज घेतला, उतारावर खालचा गिअर टाकून ब्रेकला विसावा दिला. त्रास दिला तो पलीकडच्या कित्तितास खोऱ्यातल्या वाऱ्यानं. एवढी मोठी भिंत घेऊन चालताना आडवा वारा बाजूला ढकलतो. ताशी ५५ मैलांवर आल्यावर गाडी हातात राहिली. पहिल्या तासाभरानं थांबून ताणखिळे पुन्हा तपासा. आमचे दोन सैल झाले होते, हौदा आणि चटई दबल्यावर ते होतंच. उंचीही मोजून चिठ्ठी डॅशबोर्डवर लावली आहे, पेट्रोल पंपाच्या छपराखाली जाताना ती वाचायची सवय लागली.

आता ४८० पौंड शिल्लक आहेत. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून येतायत आणि त्यांना यलोस्टोन बघायचंय. ट्रकमध्ये चौथी सीट आहेच. तक्त्यात त्यांची ओळ घातली आहे, बॅगेसकट १७० पौंड. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनाही काट्यावर घेऊन जाणार आहे.